ज्याला कुंकू लागणार नाही असा नमुना

मी हे लिहावं की नाही, ह्या विचारात माझे बरेच दिवस गेले. वार्षिक अंक काढणाऱ्या मुलांनी सरांवर लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सरांच्या हाताखाली माझ्यापेक्षा हुशार मुलं शिकून गेली आहेत, काही परदेशातही आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर शोभलं असतं. मला निबंधात कधी चांगले मार्क पडले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवावं म्हटलं तर तशीही सोय नाही. शिवाय सरांना हे आवडलं असतं का, हेही मला माहीत नाही. मला वाटतं त्यांनी कागद हातात घेतला असता, उलटा केला असता, कडेवरून अंगठा फिरवला असता आणि विचारलं असतं, "हे कोण वाचणार आहे?" तरीही लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सर आम्हाला शेवटच्या वर्षाला प्रॉडक्ट डिझाइन शिकवायचे. कायम नोकरीवर नव्हते, आठवड्यातून तीन दिवस यायचे. उंच, किंचित वाकलेले, आणि शर्टाचा खिसा नेहमी फुगलेला. त्या खिशात कपडे धुवायच्या साबणाची वडी असायची आणि एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं करवतीचं पातं. बोलता बोलता ते साबण कोरत. कुणी विचारलं, "सर, कपाचा कान असा केला तर?" की सर फळ्याकडे जायचेच नाहीत. दोन मिनिटांत साबणाचा कान तयार करून त्याच्या हातात ठेवायचे. "धर. आता सांग."

साबणाचे तुकडे टेबलावर, बाकावर, हजेरीच्या वहीत. एकदा स्टाफरूममध्ये कुणाचा तरी पाण्याचा ग्लास त्यांच्या अंगावर सांडला आणि खिशातून फेस यायला लागला. बाकीचे सर हसून बेजार झाले. हे शांतपणे फेसाकडे बघत म्हणाले, "वडी चांगली आहे. महाग असणार." बोरिवलीला ते थोरल्या बहिणीकडे राहायचे. एकदा ताई कॉलेजात त्यांचा डबा द्यायला आल्या होत्या, तेव्हा आम्हालाच म्हणाल्या, "पोरांनो, तुमच्या ह्या सरांना सांगा काहीतरी. माझ्या घरात धुण्याला साबण अख्खा म्हणून मिळत नाही. परवा चादर धुवायला घेतली तर वडीला नाक होतं."

त्यांचा राग ओळखायची एक खूण होती. बरं चाललेलं असलं की ते आम्हाला तू म्हणत, अगदी 'अरे गाढवा' सुद्धा. पण एखाद्याला "अहो, आपण जरा बसता का?" म्हणाले की त्या मुलाचा चेहरा उतरायचा. मला पहिल्या महिन्यात त्यांनी दोनदा अहो म्हटलं. दुसऱ्यांदा मी घरी जाऊन जेवलो नाही.

गुळगुळीत वस्तूंवर त्यांचा फार राग. कुणी चकाचक रंगवलेलं मॉडेल आणलं की ते काही न बोलता त्यावर नखाने एक ओरखडा काढायचे. मुलं चिडायची. रात्र रात्र जागून पॉलिशपेपर मारलेला, तीन हात रंग दिलेला. सर म्हणायचे, "आता हे वापरायला कुणी घाबरणार नाही." मुलं पाठीमागे त्यांना 'मांजर' म्हणत.

आता प्रोजेक्टचं सांगतो.

मरोळला प्लास्टिकच्या वस्तू बनवणारा एक कारखाना होता. बादल्या, डबे, गाळण्या. मालकांना काहीतरी नवीन काढायचं होतं. हल्ली फ्लॅटमध्ये बायका उभ्याने स्वयंपाक करतात, खाली विळी घेऊन बसायला कुणाला नको असतं, म्हणून ओट्याच्या कडेला अडकवायचं नारळ खवायचं यंत्र. एका हाताने दांडा फिरवायचा, पुढे दातेरी बोंड फिरतं, दुसऱ्या हाताने नारळाची वाटी त्यावर दाबायची. मालक आमच्या विभागप्रमुखांच्या ओळखीचे. त्यांनी कॉलेजला सांगितलं, दोन मुलं द्या, नमुना करून दाखवा. पसंत पडला की मी त्याचा साचा, म्हणजे मोल्ड, करायला टाकतो, आणि दोघांतल्या एकाला परीक्षा झाली की कामावर घेतो.

दोघांतल्या एकाला. हे वाक्य प्रमुखांनी सहज सांगितलं, पण मला त्या दिवशी त्यापुढचं काहीच ऐकू आलं नाही. बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं होऊन गेली होती. ते विक्रोळीला एका गोडाऊनवर वॉचमन होते आणि ती खुर्ची त्यांना मानवत नव्हती. वीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस, दिवसभर बसून त्यांचे पाय सुजायचे. धाकटी बहीण लग्नाची झाली होती. संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मरोळ म्हणजे बसने जाता येईल तुला." जणू उद्यापासूनच जायचं होतं.

माझा जोडीदार मनोज. मनोज चांगला मुलगा, हे मी आधीच सांगून ठेवतो. हाताने सफाईदार, बोलायला मोकळा, घाबरणं त्याला माहीतच नाही. त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "लाकडाचा पॅटर्न करायचा, त्यावरून फायबरग्लासची बॉडी काढायची, पुट्टी, घासकाम, रंग. डिट्टो प्लास्टिक वाटेल. शेठ खूश. झकास काम होईल यार."

मला पटत होतं, पण मला प्रत्येक गोष्ट पटते आणि मग भीती वाटते. रंग छान दिसेल, पण फायबरग्लास ताकदीला प्लास्टिकसारखं नाही. नारळ दाबल्यावर बॉडी किती पिळते ते त्यावरून कसं कळणार? ॲल्युमिनियमचं ओतीव करावं का? त्याला वेळ फार. ॲक्रेलिकच्या पट्ट्या कापून चिकटवाव्यात? सांधे सुटतील. प्लास्टर? पहिल्याच दाबाला भुगा. मी रात्री अंथरुणात पडून एकेक पद्धत आठवत होतो आणि प्रत्येकीत मालकांचा नाही म्हणणारा चेहरा दिसत होता. एकदा मोल्ड कापला की तो पोलादात कापलेला असतो. मग चूक सापडली तरी कुणी ती खोडू शकत नाही.

शेवटी मी सरांना गाठलं. ते वर्कशॉपच्या पायरीवर बसून केळं खात होते.

"सर, कुठली पद्धत घेऊ?"

"कशाची?"

"नमुन्याची. फायबर की ॲल्युमिनियम की—"

"पद्धती बाजारात मिळतात. त्या नमुन्याला तू विचारणार काय आहेस?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "सर, तो चांगला आहे का, हे."

"अहो," सर म्हणाले. हे माझ्या वाट्याचं तिसरं अहो. "अहो, चांगला आहे का, हे सासरच्या माणसांना विचारतात. यंत्राला विचारायचं असतं, तुझी कड माझ्या बोटांना लागते का? मी जोर दिला तर तू सरकतोस का? दिसतोस कसा, हाही प्रश्न आहे, नाही असं नाही. पण तीन प्रश्नांना तीन वेगळे नमुने लागतात. एकाच नमुन्याला सगळं विचारलं की तो खोटं बोलतो." मग केळ्याची साल माझ्या हातात देऊन गेले. ती टाकायला दिली होती की काही दाखवायला, ह्यावर मनोजची आणि माझी बराच वेळ चर्चा झाली.

आम्ही मनोजच्या पद्धतीने केलं. खोटं कशाला सांगू, सोपं वाटलं म्हणून नाही, सुरक्षित वाटलं म्हणून. फिक्या हिरव्या रंगाची बॉडी, वर्कशॉपमध्ये वळवलेलं स्टीलचं बोंड, काळा दांडा. तयार झालं तेव्हा खरंच दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. फायबरग्लास जाड घेतलं होतं म्हणून चालतही होतं. सरांनी ते पाहिलं आणि, आश्चर्य म्हणजे, नख लावलं नाही. म्हणाले, "हे कुणाकडे नेणार वापरायला?"

मी म्हटलं, "माझी आई रोज नारळ खवते, सर. आम्ही मालवणकडचे."

"चल. मी पण येतो."

घाटकोपरला आमची खोली टेकडीवर, भटवाडीच्या वरच्या अंगाला. सर येणार म्हटल्यावर घरात जी धावपळ झाली ती विचारू नका. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, शेजारून खुर्ची आणली. बाबांनी त्या दिवशी ड्युटी बदलून घेतली. सर आले ते थेट आत, खुर्चीकडे न बघता, आणि ओट्याच्या कडप्प्यावरून हात फिरवून म्हणाले, "ही कड कुणी घासली? छान घासलीय." बाबांनीच घासली होती. ते एवढे खूश झाले की चहा त्यांनी स्वतः केला.

मनोजने यंत्र ओट्याला आवळलं. आई पुढे झाली, हात पदराला पुसले, आणि देवाजवळची कोयरी घेऊन आधी यंत्राला हळदकुंकू लावलं. हिरव्या रंगावर लाल ठिपका. मग नारळ फोडला. घरातला सर्वांत ताजा, पाणीदार नारळ तिने त्यासाठी बाजूला ठेवला होता. वाटी बोंडावर टेकवली आणि दांडा फिरवायला लागली. हळू, अगदी हळू. यंत्राला लागू नये अशा बेताने. खोबऱ्याचा पांढराशुभ्र चुरा ताटात पडू लागला.

"कसं वाटतंय?" सरांनी विचारलं.

"बरा चलता हा," आई म्हणाली. ती सरांशी शहरातलं बोलायचा प्रयत्न करत होती, पण आनंदात मालवणीच बाहेर आलं. "कायएक त्रास नाय. लय बरा केल्यानी पोरांनी."

मनोजने मला कोपराने ढोसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. सरांनी खोबरं-गूळ खाल्लं, आईला वाकून नमस्कार केला. आई लाजून दाराआड गेली.

आम्ही पायऱ्या उतरलो. खाली पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर सर थांबले.

"आजचा निकाल शून्य."

मनोज म्हणाला, "सर! एक वाटी अख्खी खवली त्यांनी. तुमच्यासमोर."

"तिने कुंकू लावलं तेव्हाच परीक्षा संपली." सर माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता, पण शब्द तसे नव्हते. "त्या माउलीला माहीत आहे, ह्यावर पोराची नोकरी आहे. ते यंत्र उलटं बसवलं असतंस ना, तरी तिने बरं आहे म्हटलं असतं आणि खवून दाखवलं असतं. तिचा अंगठा बघितलास? दांडा खाली आला की प्रत्येक वेळी ती अंगठा आत घेत होती. नाहीतर कडप्प्यावर घासला असता. बोलली का काही?"

मी बघितला नव्हता. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"तुझ्या आईची चूक नाही. आपण तिच्यापुढे असली चीज ठेवली की जिला ओवाळावंसं वाटतं. आता असा नमुना कर, ज्याला कुणी कुंकू लावणार नाही. आणि अशा बाईकडे ने, जिचा तू कुणी लागत नाहीस."

त्या रात्री मी आईचा अंगठा बघितला. आतल्या बाजूला लाल झालं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "ह्या होय? ह्या कायतरी सकाळचा."

पुढचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात घाबरलेले आठवडे असतील. मनोज म्हणाला, "हे बघ, मांजराचं ऐकशील तर तुझी वाट लागेल. आपलं मॉडेल तयार आहे. मी त्यालाच आणखी एक हात रंग देतो. तुला काय ठोकाठोकी करायची ती कर." भांडण झालं नाही, पण त्यानंतर आम्ही एकाच प्रोजेक्टवर दोघे वेगवेगळे काम करू लागलो.

सरांनी मला पद्धत दिली, ती अशी. खोक्यांची फळकुटं, उरलेलं प्लायवूड, जुन्या सायकलच्या पेडलचा दांडा, ओट्याला आवळायला सुताराकडचा शिकंजा. खिळे बाहेर दिसले तरी चालतील. रंग मुळीच नाही. एका दिवसात झाला पाहिजे, आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी दुसरा झाला पाहिजे. "मोडल्यावर तुला वाईट वाटलं," सर म्हणाले, "तर समज, जास्त मेहनत केलीस."

असल्फ्याला एका मावशींची खानावळ होती. सर तिथे अधूनमधून जेवायचे, नेहमी उभ्याने. मावशी आडव्या बांध्याच्या, आवाज टेम्पोच्या भोंग्यासारखा. रोज ढीगभर नारळ खवायच्या. मी पहिला नमुना घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो पायाने ढकलून बघितला.

"ह्या काय रे? माकडाचा पाळणा?"

"मावशी, नारळ खवायचं यंत्र. कॉलेजचं."

"कॉलेजात ह्या शिकवतत? आणि बापूस फी भरता?"

मग त्यांनी जुनाट, सुकत आलेला नारळ घेतला, वाटी बोंडावर आदळली आणि दांडा असा फिरवला की शिकंजा सटकून सगळं यंत्र वरणाच्या पातेल्याशेजारी जाऊन पडलं. मी धावलो. सर कोपऱ्यात उभे राहून मासे खात होते. एवढे आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, शिव्या द्या," ते म्हणाले. "पोरगा लिहून घेतोय."

"शिव्या काय, मी तेका लाटण्यान मारीन. माझो हात बघ. ह्या दांड्यान सालपटलो."

मी दांडा वर घेतला. तर नारळाची वाटी दिसेना. बोंड पुढे काढलं, तर यंत्र पिळायला लागलं. शिकंज्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तेव्हा ते पहिल्यांदा जागेवर राहिलं. मावशी रोज काहीतरी मोडायच्या आणि रोज नवीन नाव ठेवायच्या, मेलेला खेकडा, सासूची कवळी. मी दुपारी मोडकं घेऊन बसने परत जायचो, मांडीवर ते धूड, लोक बघायचे, आणि माझ्या मनात एकच, की सादरीकरणाचा दिवस जवळ येतोय आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. बाबा रोज विचारायचे, "झाला का?" मी म्हणायचो, "होतंय."

एके दिवशी मावशींनी एक वाटी खवली, दुसरी खवली, तिसरी घेतली, आणि शेजारच्या बाईशी भाजीवाल्याच्या भांडणाबद्दल बोलत राहिल्या. यंत्राकडे बघत नव्हत्या. सरांनी माझा दंड धरला. "गप्प. काही विचारू नकोस. यंत्र विसरलीय ती."

मला वाटतं, सरांना मी मनापासून हसताना तेव्हाच पाहिलं.

सादरीकरण कारखान्यात झालं. काचेच्या टेबलावर मनोजचं हिरवं मॉडेल, त्याशेजारी माझं. माझ्या प्लायवूडला खोबरेल मुरून काळपट डाग पडले होते, आणि थोडा वासही येत होता. मी घरून निघताना पुसलं होतं, पण तो वास आत गेला होता. मालक आले, त्यांनी आधी हिरवं उचललं, उजेडात फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

मी सांगायला लागलो. दांड्याची उंची, शिकंज्याचं रबर, बोंड किती पुढे, का. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. मालक चांगले गृहस्थ, त्यांनी ऐकून घेतलं. मग सरांना म्हणाले, "मास्तर, तुमचं म्हणणं समजलं. पण मला हे दहा डीलरपुढे ठेवायचंय. खानावळीत नाही."

"आकार ह्याचा घ्या, रंग त्याचा द्या," सर म्हणाले. "दोन्ही मुलांचं काम लागेल."

"मग परत नवीन ड्रॉइंग, परत तीन महिने. दिवाळीआधी मला माल बाहेर काढायचाय."

"एकदा, फक्त एकदा, तुमच्या घरच्यांना ते हिरवं वापरू द्या. पण माझ्या नखाने आधी एक ओरखडा काढतो."

आणि सरांनी हात पुढे केला. आमच्या प्रमुखांनी मध्येच तो धरला. सगळे हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. मालक म्हणाले, "अहो मास्तर, राहू द्या." सरांना कुणी अहो म्हणताना मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मनोजला घेतलं. त्याचा आकार जसाच्या तसा मोल्डला गेला. मी घरी गेलो तेव्हा बाबा दारात उभे होते, त्यांनी माझ्या हातातलं धूड घेतलं आणि काही न विचारता माळ्यावर ठेवलं. पुढच्या वर्षी सरांना कॉलेजने बोलावलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही.

मला साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये तात्पुरतं काम मिळालं. तात्पुरतं म्हणजे दर महिन्याला पुढचा महिना आहे की नाही ते विचारायचं. आणि इकडे ते हिरवं यंत्र खपायला लागलं. घाटकोपर स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात, मुलुंडला, सगळीकडे खोके रचलेले. मी थांबून बघायचो. मला सरांचा राग यायचा, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण यायचा. त्यांच्या एका हट्टापायी आमच्या घरात काय झालं होतं, ते त्यांना कुठे माहीत होतं?

एका रविवारी मी बोरिवलीला गेलो आणि त्यांना सरळ सांगितलं. "सर, ते खपतंय. तुफान खपतंय."

ते गॅलरीत बसून साबणाचा चमचा कोरत होते. हात थांबला. "कोण घेतंय?"

"लग्नात आहेर म्हणून देतात, सर. खोका मोठा दिसतो, रंग छान आहे. घरोघरी दोन-दोन येतात. माझ्या मावसबहिणीकडे तीन आली."

"आणि वापरतात?"

"माळ्यावर ठेवतात. पुढच्या लग्नात देतात."

सरांनी साबणाचा भुगा मांडीवरून झटकला. मग हातातला चमचा बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणजे चुकलो रे मी." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "वापरणाऱ्या बाईला विचारलं. विकत घेणाऱ्याला विचारायचं राहिलंच. आपल्याकडे असली वस्तू स्वतःसाठी घेतो कोण? दुसऱ्याला द्यायला घेतात. हे मला माहीत नव्हतं होय? ताईच्या कपाटात बघ, असली किती पडलीयत. तुझा मालक मूर्ख नाही. त्याने त्याचा प्रश्न बरोबर विचारला." मग माझ्याकडे न बघता, "तुझं नुकसान केलं मी. दोन्ही प्रश्न विचारले असते तर आज तू तिथे असतास."

मी म्हटलं, "सर, तसं नाही." पण तसं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. ताईंनी पोहे आणले. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, विळीवर खवलेलं.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

गेल्या वैशाखात बहिणीचं लग्न झालं. चाळीच्या मागच्या पटांगणात मांडव. मनोज आला. त्याच्या हातात चमकत्या कागदात गुंडाळलेला खोका होता, त्यात काय आहे ते न सांगता कळत होतं. तो स्वतःच हसला. "काय करणार, आम्हाला स्वस्तात मिळतं."

पंगत बसली होती, मी भात वाढत होतो. त्याने मला पाण्याच्या पिंपापाशी बाजूला घेतलं.

"मालकांनी तुला बोलावलंय," तो म्हणाला. "सोमवारी ये. कायमचं काम आहे."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"आता ज्यांनी खोके उघडून वापरायला घेतलं ना, ते परत आणतायत. अंगठा सोलतो, सरकतं. डीलर बोंब मारतायत. आणि मध्यंतरी सर आले होते फॅक्टरीत. आमचं एक विकत घेतलं, त्या तुझ्या असल्फ्याच्या मावशीकडे मोडून आणलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवलं. भांडले नाहीत रे. म्हणाले, तुम्ही दुकानदाराला विचारलंत, मी बाईला विचारलं, दोघेही अर्धेच. आता एकत्र करू. मालक तयार झाले. नवीन मॉडेल, नवीन मोल्ड. सरांनी अट घातली, नमुन्याचं काम तुझ्याकडे द्यायचं. मालक म्हणाले, दिलं."

मला मांडवातलं काही दिसेनासं झालं. बाबा पलीकडे पाहुण्यांच्या पानात तूप वाढत होते. त्यांना आत्ता सांगावं की पंगत उठल्यावर, एवढाच विचार डोक्यात आला.

"मग सरांना कधी भेटायचं? सोमवारच्या आधी भेटायला पाहिजे. कुठल्या नमुन्यापासून सुरुवात करायची ते तरी—"

मनोज खोक्यावरचा कागद नखाने खरवडत होता.

"लग्नघर आहे," तो म्हणाला. "मी आज बोलणार नव्हतो."

"काय?"

"सर गेले रे. मंगळवारी सकाळी. झोपेतच. ताईंनी फॅक्टरीत फोन केला होता, तुझा नंबर नव्हता त्यांच्याकडे."